पीक सरकलं

"पीक सरकलं, आबा. चांगलं आठ नॅनोमीटर निळ्याकडं सरकलं," असं मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग आबांनी विचारलं, "सरकलं म्हंजे? पडलं का काय?"

फेब्रुवारी चालू होता. तासगावच्या आसपासच्या गावांत द्राक्षं उतरायला आली होती, आणि 'पीक' हा शब्द आमच्या घरात त्या दिवसांत एकाच अर्थानं चालायचा. मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत दिवसभर बोलायचो तो 'पीक' इंग्रजीतून आलेला. आलेखातलं शिखर, एखादी वस्तू कुठल्या रंगात सगळ्यात जास्त उजळते ती जागा. मी समजावून सांगायला लागलो तर आबा म्हणाले, "बरं बरं, तुझं सरकू दे. आमचं अवकाळीतनं वाचू दे म्हंजे झालं."

आठ दिवसांनी माझंच पीक झोपलं. त्यांचं त्या साली वाचलं.

मी तासगाव तालुक्यातला. घरची बाग तास-ए-गणेशची. थॉमसन सीडलेसमधून निवडलेली ही जात याच तालुक्यातली, नावातला 'तास' तासगावचाच. खायची द्राक्षं व्यापाऱ्याला जायची आणि उरलेल्या मालाचा बेदाणा व्हायचा. लहानपणापासून मार्च-एप्रिल म्हणजे शेडवर राबणं. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, त्यात द्राक्षांचे क्रेट दोन-चार मिनिटं बुडवायचे, निथळायचे आणि रॅकच्या जाळीवर पसरायचे. मग पंधरवडाभर वारा खाऊ द्यायचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पडतो. हे प्रमाण मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं असावं.

पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं. तिथं काच द्रावणात बुडवून तिच्यावर अर्धवाहकाचे थर चढवायचे, अशा साध्या आणि स्वस्त पद्धतींवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे, प्राध्यापक सी. डी. लोखंडे यांचं नाव त्या क्षेत्रात जगभर घेतात. काच बुडव, काढ, धू, वाळव, पुन्हा बुडव. वर्गातली शहरी मुलं कंटाळायची. मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

पुण्यात संशोधनाला आलो आणि क्वांटम डॉट हातात आले. अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटरइतका लहान केला, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांशाइतका, की त्याच्या आतला इलेक्ट्रॉन अडचणीत सापडतो. खोली जितकी लहान तितकी त्याची ऊर्जा जास्त. त्यामुळे पदार्थ तोच राहून केवळ आकारानं रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोनेक नॅनोमीटरचा कण निळसर-हिरवा उजळतो, सहाच्या आसपासचा तांबडा. काचेतल्या कणांत हे १९८१ साली अलेक्सेई एकिमोव्ह यांना दिसलं, द्रावणातल्या कणांत लुई ब्रूस यांना १९८३ साली, आणि १९९३ साली मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या आकाराचे डॉट करायची रीत बसवली. तिघांना मिळून २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्रूस यांची गोष्ट मला विशेष आवडते. त्यांच्या टेबलावर राहून गेलेल्या द्रावणाचे प्रकाशीय गुण काही वेळानं बदललेले निघाले, आणि कण वाढले असतील अशी शंका त्यांना आली. टेबलावर नुसती पडून असलेली गोष्टही काहीतरी करत असते, हे या विषयाच्या जन्मातच आहे. मी ते वाचलं होतं. वाचलं होतं एवढंच.

डॉट करणं म्हणजे गुऱ्हाळ. कॅडमियम ऑक्साइडची तांबूस पूड ओलिक आम्लात आणि एका जड तेलात टाकायची, आर्गॉन वायूखाली तापवत न्यायचं. खूप तापल्यावर पूड विरघळते आणि सगळं पाण्यासारखं स्वच्छ होतं. मग सिरिंजमधून सेलेनियमचं द्रावण एका झटक्यात आत सोडायचं. पिवळं, नारिंगी, तांबडं, काही मिनिटांत रंग चढत जातो. गुळव्या काहिलीतल्या रसाकडे बघून चुलीतला जाळ ओढायला सांगतो तसं आम्ही रंग बघून हीटर काढायचो. थोडा उशीर झाला की कण मोठे. कॅडमियम विषारी, म्हणून हातमोजे, धुराड्याचं कपाट, सांडपाण्याची वेगळी बाटली. आईला यातलं मी फार काही सांगत नसे.

एका सुट्टीत शेडवर डिपिंग ऑइलचा डबा उचलताना त्यावरचं नाव वाचलं: इथाइल ओलिएट. ओलिक! माझ्या डॉटच्या अंगावर जे असतं त्याच घराण्यातलं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर पडू देत नाही. ओलिएट त्या मेणाची घडी विस्कटतं आणि पाण्याला वाट करून देतं, म्हणून माल महिनाभर न लोंबकळता पंधरा दिवसांत वाळतो. डॉटवर त्याचं काम जवळजवळ उलटं. तिथं ओलिएटचं डोकं कणाच्या पृष्ठभागाला धरून बसतं आणि लांब शेपट्या बाहेर राहतात; त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि पृष्ठभागावरचे उघडे पडलेले अणू झाकले जातात. आबांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग तिकडं स्वस्तात मिळतंय का?"

आता माझी चूक सांगतो.

तयार डॉट एका द्रावकात कमी-जास्त वेळा धुवायचे, काचेवर त्यांची पातळ फिल्म करायची आणि धुण्याचा दीप्तीवर काय परिणाम होतो ते बघायचं, असं काम होतं. सहा काचा. एक नंबर कमीत कमी धुतलेली, सहा नंबर जास्तीत जास्त. पुस्तकांप्रमाणे जास्त धुतलं की वरचं ओलिएट निघून जातं, पृष्ठभाग उघडा पडतो आणि दीप्ती घटते. माझी मात्र नंबरागणिक वाढत होती. वर पीकही नंबरागणिक निळ्याकडे सरकत होतं. इतकी सरळ चढती रेघ मी आयुष्यात काढली नव्हती. मी एका परिषदेला सारांश धाडला आणि घरी फोन केला, तोच तो फोन.

मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, आलेख बघितला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मोजलंस कुठल्या क्रमानं?"

"एक ते सहा."

"नव्या काचा कर आणि सहा ते एक मोज."

मी मोजलं. रेघ तितकीच सरळ आली, पण उलटी. आता सगळ्यात कमी धुतलेली काच सगळ्यात तेजस्वी होती आणि तिचंच पीक सगळ्यात जास्त सरकलं होतं.

झालं होतं एवढंच. सहाही काचा ट्रेमध्ये मांडून वरून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावायचा, नारिंगी रांगेचा छान फोटो काढायचा, आणि मग एकेक काच उचलून स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायची ही माझी पद्धत. दिवा बंद करायचं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, कारण दिवा म्हणजे बघायची सोय, तो प्रयोगाचा भाग आहे असं वाटलंच नव्हतं. एकेका मोजणीला दहा-बारा मिनिटं लागायची. म्हणजे शेवटच्या काचेनं तासभर उजेड खाल्लेला असायचा. मी धुण्याचा अभ्यास करत नव्हतो. मी रांगेत थांबण्याचा अभ्यास करत होतो.

परिषदेचा सारांश परत घेतला. ते चार ओळींचं पत्र लिहायला पूर्ण दुपार गेली. पुढे काचा काळ्या डब्यात ठेवून, प्रत्येकीला मोजणीपुरताच उजेड देऊन, धुण्याचा प्रयोग नव्यानं केला तेव्हा पुस्तकं बरोबर होती. धुतलं की दीप्ती घटते.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विषयच बदलून दिला. "आता धुणं सोड. दिवाच मोज," म्हणाल्या. पुढची दोन वर्षं मी तेच केलं: एक काच, काचेवरचा एकच ठिपका, ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर, आणि दर मिनिटाला एक मोजणी. जगात याहून नीरस काम असेल तर ते बेदाण्याच्या काड्या निवडण्याचं.

नीरस कामात जे दिसलं ते मात्र गुंतागुंतीचं होतं. हवेत ठेवलेल्या फिल्मवर लेझर पडला की सुरुवातीला ती उजळत जाते. नंतर काही वेळ तिथंच रेंगाळते. मग उतरते, आणि तास गेले की जवळजवळ विझते. पीक मात्र वेगळ्या तालावर चालतं. ते पहिल्यापासून हळूहळू निळ्याकडे सरकत राहतं, दीप्ती वाढत असो की घटत असो. आधी मला वाटायचं ही एकच गोष्ट दोन तोंडांनी बोलतेय. नाही. दोन-तीन वेगळे उद्योग एकाच वेळी चालू असतात आणि आपल्याला फक्त त्यांची बेरीज दिसते.

उजळणं आधी घ्या. डॉटच्या पृष्ठभागावर काही अणूंचे हात मोकळे राहतात. प्रकाशानं जागा झालेला इलेक्ट्रॉन तिथं अडकला की त्याची ऊर्जा उजेड न होता उष्णतेत जाते. आम्ही त्यांना 'ट्रॅप' म्हणतो, मनातल्या मनात मी 'खड्डे' म्हणतो. उजेड आणि हवेतला ओलावा मिळून यातले काही खड्डे बुजवतात. कॅडमियम सेलेनाइडच्या एकेरी थरांवर २००० साली हे नीट दाखवलं गेलं: पाण्याचे रेणू पृष्ठभागावर बसायला प्रकाश मदत करतो आणि दीप्ती वाढते. हे वाचल्यावर मला कळलं की मार्चमध्ये आणि जुलैमध्ये माझ्या काचा वेगळ्या का वागतात. पुण्याचा पावसाळा माझ्या आलेखात शिरला होता. त्यानंतर वहीत मी रोज हवेतली आर्द्रता लिहायला लागलो. आमच्याकडे बेदाण्याच्या दिवसांत आभाळाकडे बघून बोलतात त्याची मी पुण्यात तारखेवार नोंद ठेवत होतो म्हणा.

सरकणं वेगळं. उजेडात हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या सेलेनियमला धरतो, त्याचं ऑक्साइड होतं, आणि डॉटचा गाभा बाहेरून कुरतडला जातो. गाभा लहान झाला की खोली लहान झाली, रंग निळ्याकडे. एका परीक्षकांनी विचारलं होतं, "लेझरनं फिल्म तापते म्हणून पीक सरकत असेल, कशावरून नाही?" प्रश्न योग्य होता आणि सुदैवानं उत्तर सोपं होतं. कॅडमियम सेलेनाइड तापलं की पीक तांबड्याकडे जातं. आमचं निळ्याकडे जात होतं. तरीही खातरजमा म्हणून फिल्मवरून कोरडा नायट्रोजन सोडून मोजलं. सरकणं जवळजवळ थांबलं, आणि उजळणंही मंदावलं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या एका गटानं २००१ साली एकेक सुटा डॉट बघून हेच म्हटलं होतं: हवेत निळ्याकडे सरकतो आणि लवकर विझतो, नायट्रोजनमध्ये सरकत नाही आणि विझायलाही जास्त वेळ लागतो. त्यांचं यंत्र आमच्यापेक्षा किती तरी सूक्ष्म. निष्कर्ष जुळला याचा आनंद अजून आहे.

विझण्याला दोन कारणं, आणि ती वेगळी काढणं सगळ्यात अवघड गेलं. एक कायमचं: कुरतडलेल्या पृष्ठभागावर नवे खड्डे पडतात. दुसरं तात्पुरतं. सुटा डॉट एकसारखा उजळत नाही, तो अधूनमधून विझतो आणि पुन्हा लागतो. वायर ढिली झालेल्या बल्बसारखा. हे लुकलुकणं १९९६ साली पहिल्यांदा दिसलं. एखादा विद्युतभार डॉटबाहेर जाऊन अडकला की आत राहिलेला जादा भार प्रत्येक वेळी उजेडाची ऊर्जा गिळतो. फिल्ममध्ये असे असंख्य डॉट एकावर एक असतात, त्यामुळे लुकलुक दिसत नाही. दिवा चालू राहिला की विझलेल्यांची संख्या वाढते आणि सगळी फिल्म मंदावल्यासारखी दिसते. त्यातच फिल्ममध्ये डॉट इतके जवळ बसलेले असतात की लहान डॉट आपली ऊर्जा शेजारच्या मोठ्याला देऊन टाकतो, म्हणून फिल्मचं पीक द्रावणातल्या पीकपेक्षा मुळातच तांबड्याकडे असतं. एकाचं बिघडलं की शेजाऱ्याचंही बिघडतं.

तात्पुरतं कुठलं आणि कायमचं कुठलं, हे ओळखायला एकच उपाय होता: दिवा बंद करून थांबणं. रात्रभर अंधारात ठेवलेली काच सकाळी मोजली की उजळलेपणाचा काही भाग उतरलेला असायचा, मंदावलेपणाचाही काही भाग भरून आलेला असायचा. सरकलेलं पीक मात्र जागेवर परतत नसे. खाल्लेला गाभा अंधार परत आणून देत नाही.

इथं वाचकाला वाटेल की आता बेदाण्याची उपमा येणार. येते, पण ती फार ताणता येत नाही. आमच्या शेडला वरून छत आणि बाजूनं हिरवी जाळी असते. बेदाणा उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर वाळवतात. मी सहावीत असताना पश्चिमेचा पडदा एक दुपारभर बांधायचा राहिला, तो माझ्याकडूनच. त्या बाजूच्या रॅकवरचा माल तांबूस पडला. सौद्यात हिरव्या बेदाण्याचा भाव वेगळा, पिवळ्याचा वेगळा, आणि काळ्याचा विचारूच नये. आबा एवढंच म्हणाले, "ह्येला वारा पायजे, ऊन न्हाय." आता आबांच्या या वाक्यानं मला संशोधनाची दिशा सापडली असं लिहिलं तर लेखाला शोभेल. पण तसं काही झालं नाही. दिवा चालू ठेवायची चूक मी केली तेव्हा तो पडदा मला आठवलासुद्धा नाही. आठवला सारांश परत घेतल्यावर, एसटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे. शिवाय बेदाणा उन्हात सुरुवातीला सुधारतो आणि मग बिघडतो असं होत नाही. तो फक्त बिघडतो. डॉटची फसवणूक अशी की पहिल्या काही मिनिटांत उजेड त्याचं भलं करतो, आणि नेमकं तेवढ्याच मिनिटांत मोजून मोकळा होणाऱ्याला वाटतं आपलं रसायनच गुणी.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे खरीच आहे, आणि ती गंधक. बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून शेवटी गंधकाची धुरी देतात. डॉट टिकावा म्हणून त्याच्यावर झिंक सल्फाइडचं, म्हणजे जस्त आणि गंधकाचं, काही अणूंइतक्या जाडीचं कवच चढवतात. ही युक्ती १९९६ची. कवच नीट बसलं तर खड्डे आधीच बुजतात आणि ऑक्सिजनला गाभ्यापर्यंत जायला वेळ लागतो. रसायन सर्वस्वी वेगळं, तरी कवच चढवलेल्या पहिल्या काचा मी वहीत 'धुरी दिलेल्या' असं लिहून ठेवल्या होत्या. मॅडमनी ते खोडलं.

मी आता तालुक्याच्या ठिकाणी पदार्थविज्ञान शिकवतो. गेल्या काही वर्षांत धाकट्या भावानं क्यूएलईडी टीव्ही आणला. आबा खोक्यावरचं 'क्वांटम डॉट' वाचून म्हणाले, "ह्ये तुझंच न्हवं?" म्हटलं, हो, या पडद्याच्या मागं डॉटची पातळ फिल्म आहे, तिच्यावर निळा उजेड पडतो आणि ती हिरवा-तांबडा देते. त्यांनी लगेच विचारलं, "मग ह्येचं पीक सरकंल का?" आयुष्यात मला विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न असावा, तोंडी परीक्षेतसुद्धा इतका नेमका कुणी विचारला नव्हता. कंपन्यांचा सगळा खटाटोप याच प्रश्नाभोवती असतो. फिल्म दोन अशा पातळ पापुद्र्यांमध्ये बंद करतात की हवा आणि ओल आत शिरू नये. उजेड थांबवता येत नाही, कारण त्याच्यासाठीच टीव्ही घेतलेला असतो. मग त्याच्या साथीदारांना बाहेर ठेवायचं.

कॉलेजात कॅडमियमला हात लावू देत नाही. विद्यार्थ्यांना झिंक ऑक्साइडचे डॉट करायला लावतो: झिंक ॲसिटेट अल्कोहोलमध्ये, त्यात हळूहळू पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ताजं द्रावण अतिनील दिव्याखाली हिरवट उजळतं, आणि ठेवून दिलं की कण वाढतात तसं पिवळ्याकडे झुकतं. म्हणजे हे पीक उलट्या बाजूला सरकतं, आणि उजेडानं नव्हे, वयानं. त्याच द्रावणाची काचेवर फिल्म केली आणि दिव्याखाली ठेवली तर वेगळंच काही होतं. दरवर्षी मुलं दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात, आणि मी मुद्दाम पहिल्या आठवड्यात काही बोलत नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं दिवा कुठून आणला तर वडिलांच्या अडत दुकानातून. नोटा तपासायचा. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे ज्याच्याखाली तपासले जातात त्याच दिव्याखाली तिच्या सहा काचा हिरव्या उजळत होत्या, ओळीनं मांडलेल्या, आणि दिवा चालूच होता.

मी विचारलं, "मोजलंस कुठल्या क्रमानं?"

असा दिवा बाजारात कुठंही मिळतो, झिंक ॲसिटेटही फार महाग नाही. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, घरी प्रकल्प करणारं पोर असेल, तर जरूर करून बघा. दिव्यात थेट डोकावू नका, हातमोजे घाला. आणि वहीत तारीख, नंबर, रंग यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: मोजण्याआधी दिवा किती मिनिटं लागलेला होता.